पायदानापासून स्लायडरपर्यंत: नाशिकच्या जीपचा एक उपांग-इतिहास

जुन्या मोटारींच्या दोन्ही बाजूंना असलेले लांब पायदान, म्हणजेच फूटबोर्ड, बंदिस्त बांधणी रुंदावत गेली तसे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोप पावले. परंतु उंच गाड्यांच्या निमित्ताने ते वेगळ्या रूपात परतले, आणि या पुनरागमनात नाशिकचा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा त्या उघड्या बाजूंच्या गाडीला वेगळ्या पायरीची गरजच नव्हती. पुढे नाशिकच्या कारखान्यातून बोलेरो, स्कॉर्पिओ आणि थार बाहेर पडू लागल्यावर मात्र साडी नेसलेल्या प्रवासिनींना आणि वृद्धांना चढणे सोपे कसे करावे, हा प्रश्न खरा ठरला. २०२० च्या थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर असून तिच्या काही प्रकारांना नळीच्या, तर काहींना साच्यातील पायऱ्या कारखान्यातूनच मिळाल्या.

गाडी आणखी उचलली की निवड अवघड होते. साधी पायरी माणसाचे वजन पेलते, पण ती खाली लोंबत असल्याने दोन चाकांमधील उंचवटा ओलांडण्याची क्षमता, म्हणजे ब्रेकओव्हर कोन, घटवते. याउलट रॉक स्लायडर हा चासीला भक्कम जोडलेला पोलादी दांडा खडकावर टेकलेल्या गाडीचा भार सोसतो, मात्र बांधणीलगत बसवल्यास पाऊल ठेवण्यास अपुरा पडतो. इगतपुरी-त्र्यंबक परिसरातील पावसाळी बेसाल्टवर स्लायडरच उपयोगी, हे उघड आहे; शहरात मिरवण्यासाठी तो घेणाऱ्यांचा हिशेब निराळा. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील बदलांवर मर्यादा घालते, त्यामुळे पायरीआधी गाडीची वाढवलेली उंचीच तपासणीत अडू शकते.