तटाच्या डागडुजीपासून जागतिक वारशापर्यंत

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिताना, ज्या अहमदाबाद शहराने मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या आसरा दिला, त्या शहराच्या जुन्या वास्तूंविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले. जुन्या इमारती राखणे हे केवळ पुरातत्त्व खात्याचे काम, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अहमदाबादच्या नगरपालिकेचे मूळच मुळी एका ऐतिहासिक वास्तूच्या डागडुजीत आहे.

सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये वसविलेल्या ह्या नगरीला पुढे महमूद बेगड्याने भक्कम तट घातला. १७५३ मध्ये रघुनाथराव पेशवे व दमाजी गायकवाड यांनी शहर जिंकले. मध्यंतरी ते हातचे गेले, पण १७५८ मध्ये पुन्हा मराठ्यांकडे आले आणि १८१७ पर्यंत तेथे पेशवे व गायकवाड यांचा जोड अंमल राहिला. गायकवाडांची हवेली ही त्या काळाची खूण होय. मात्र अभिमानाच्या भरात एक गोष्ट विसरता कामा नये. शहर इंग्रजांच्या स्वाधीन झाले तेव्हा तट जागोजागी ढासळलेला होता. वसुलीकडे जेवढे लक्ष दिले गेले, तेवढे शहराच्या निगराणीकडे दिले गेले नाही.

ह्या तटाच्या दुरुस्तीसाठी १८३१ च्या सुमारास एक समिती नेमण्यात आली आणि तूप व इतर मालावर उपकर बसविण्यात आला. तट दुरुस्त झाला, आणि ह्या निधीतून शहराच्या इतर सोयींकडेही लक्ष देता आले. ह्याच व्यवस्थेतून पुढे नगरपालिका आकारास आली. म्हणजे ह्या शहरात स्थानिक स्वराज्याचा पहिला धडा नागरिकांनी वारसा राखण्यासाठी पैसा देऊन गिरविला.

दैवदुर्विलास असा की, विसाव्या शतकात त्याच संस्थेच्या कारकिर्दीत तो तट पाडला गेला. गिरण्यांमुळे वस्ती वाढली होती, दाटी व रोगराई यांनी जुने शहर गांजले होते आणि रस्त्यांना जागा हवी होती. १९२४ ते १९२८ ह्या काळात सरदार वल्लभभाई पटेल नगरपालिकेचे अध्यक्ष होते. पुढे आपले दादासाहेब मावळंकर यांनीही ते पद दोन वेळा भूषविले. त्या पिढीपुढे माणसांच्या आरोग्याचा प्रश्न होता, हे ध्यानात घेतले म्हणजे तिला दोष देणे अनुचित वाटते. तट गेला. काही दरवाजे मात्र रस्त्यांच्या मध्यभागी उभे राहिले.

१९९६ मध्ये महानगरपालिकेने वारसा जतनासाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला. तोवर जतनाचा विचार मशिदी, वाव, दरवाजे अशा स्मारकांपुरताच होता. ह्या कक्षाने लोकांच्या राहत्या घरांकडे, म्हणजे पोळांकडे, दृष्टी वळविली. कोरीव लाकडी दर्शनी भाग, मधला चौक, त्याखाली पावसाचे पाणी साठविणारे टाके आणि पोळीच्या तोंडाशी पक्ष्यांसाठी चबुतरा, ही त्या वस्तीची ठेवण. नोव्हेंबर १९९७ मध्ये कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची पदयात्रा सुरू झाली. तिच्या वाटेवर लांबेश्वर पोळीत कवी दलपतराम यांच्या घराच्या जागी त्यांचे स्मारक उभारण्यात आले. पाहुणे येऊ लागले, तेव्हा आपल्या दारातील तुळई मोलाची आहे, हे रहिवाशांनाही उमगले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने अनेक घरांना हादरा दिला, तरी प्रयत्न थांबले नाहीत. जुलै २०१७ मध्ये पोलंडमधील क्राकुफ येथे भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत अहमदाबाद हे भारतातील पहिले जागतिक वारसा शहर ठरले.

तथापि मानपत्राने छप्पर गळायचे थांबत नाही. एका घराचे दहा वारस, त्यांतील निम्मे परगावी. भाडेकरूचे भाडे नाममात्र, आणि कोरीव लाकूड दुरुस्त करणारा सुतार दुर्मिळ व महाग. अशा वेळी घर गोदामासाठी देणे किंवा पाडून विकणे हाच मार्ग मालकाला सुचतो. पालिकेने दोन हजारांहून अधिक घरांची सूची केली. घर राखणाऱ्या मालकाला, त्या जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क अन्यत्र विकण्याची मुभाही दिली. उपाय योग्य आहे. परंतु ज्या वृद्धेला कागदपत्रेच जुळविता येत नाहीत, तिच्यापर्यंत तो पोहोचणार कसा, हा खरा प्रश्न आहे.

येथेच आपल्यासारख्या मंडळांचे कर्तव्य सुरू होते, असे आम्हांस वाटते. अर्ज लिहून देणे, वारसांना एकत्र बसविणे, जुन्या घरांची छायाचित्रे व हकिकती नोंदवून ठेवणे, ही कामे कोणत्याही कायद्यावाचून करता येतात. आणि त्यासाठी घर मराठी माणसाचेच असले पाहिजे, असे मुळीच नाही. आमच्या पूर्वजांनी ह्या शहराकडून चौथाई व खंडणी घेतली. त्याच्या निगराणीची बाकी मात्र अद्याप आपल्याकडे आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात ती फेडण्यास आरंभ व्हावा, हीच सदिच्छा.