डोंगरांतला खेकडा आणि समुद्रांतला

मृगाच्या सरी कोसळल्या कीं भंडारदऱ्याच्या परिसरांत रात्रीं बत्त्या हिंडूं लागतात. बिळांतून बाहेर आलेले खेकडे धरावयास निघालेली ही मंडळी असते. त्या प्राण्याच्या शास्त्रीय नांवाशीं त्यांना कर्तव्य नसतें. परंतु त्या नांवाची कथा दख्खनच्याच मुलखांतली आहे.

कर्नल विल्यम साइक्स यांची १८२४ सालीं मुंबई सरकारनें दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर नेमणूक केली. पिकें आणि हवामान टिपतां टिपतां या गृहस्थांनीं पशुपक्षी जमविले, खेकडेही सोडले नाहींत! १८३६ सालीं लंडनच्या कीटकशास्त्र मंडळानें दख्खनच्या भूखेकड्यांविषयींचें त्यांचें टिपण छापलें. त्यांत वेस्टवुड यांनीं या खेकड्यास ‘क्युनिक्युलॅरिस’ हें नांव दिलें. लॅटिनमध्यें त्याच्या मुळाशीं भुयाराचा अर्थ आहे. पुढें १८४४ सालीं मिल्न-एडवर्ड्स यांनीं सह्याद्रीकडील आणखी एका खेकड्याला व्हिक्टर झाकमाँ यांचें नांव दिलें. हा फ्रेंच प्रवासी १८३२ सालीं मुंबईस वारला होता.

नांव देणें सोपें, ओळख पटविणें कठीण. कोंकणच्या खडकाळ किनाऱ्यावर एक केसाळ खेकडा आढळतो. त्याचे केस गाळानें असे माखतात कीं तो दगडांत दिसतच नाहीं. फाब्रिसियस यांनीं १७९३ सालीं त्याला वटवाघळाचें लॅटिन नांव दिलें, तें चपखल खरें! त्याचें कवच, कडेचे दांते व नांग्या पाहावयाच्या तर आधीं केस साफ करावे लागतात. एवढा खटाटोप झाला, कीं पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरापर्यंत तेंच एक नांव चालतें. कारण त्याचीं पिलें प्रथम पाण्यांत तरंगतात व प्रवाहाबरोबर दूरवर जातात.

डोंगरांतला खेकडा तसा नव्हे. त्याच्या अंड्यांतून थेट इवले खेकडेच निघतात आणि मादी त्यांना पोटाखालच्या झडपेंत वागविते. घर सोडून तीं फारशीं जात नाहींत. त्यामुळें डोंगर पालटला कीं जातही पालटूं शकते. २०१६ सालीं पती, ठाकरे आणि खैरे यांनीं एकाच निबंधांत सह्याद्रींतील पांच नव्या जाती वर्णिल्या. अशी जात एखाद्याच पठारापुरती असली आणि तिला शेजारच्या जातीचें नांव चिकटलें, तर तें पठार खोदून काढल्यावर ती नाहींशी झाली हेंही कोणास कळणार नाहीं.

रंगावर विसंबणारा हमखास फसतो. वयाप्रमाणें तो बदलतो. कवचाची ठेवणही पुष्कळदां दगा देते. म्हणून अभ्यासक नर उताणा करतो, पोटावरची झडप उचलतो आणि तिच्याखालीं दडलेल्या पहिल्या जोडीच्या अवयवाचें टोंक भिंगाखालीं धरतो.