‘झिंगाट’ची कमाई आणि वरातीची मुभा

सोलापूर-बार्शी रस्त्यावरील वैरागमध्ये लग्नाची वरात निघाली, की बँड असो वा डीजे, ‘झिंगाट’ची फर्माईश ठरलेलीच. हे गाणे तसे याच जिल्ह्यातले. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी दिग्दर्शित केलेला ‘सैराट’ त्याच तालुक्याच्या परिसरात चित्रित झाला. २९ एप्रिल २०१६ रोजी तो प्रदर्शित झाला आणि १०० कोटी रुपयांचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. त्यात गाणी चारच. परंतु चित्रपटगृहांत प्रेक्षकांना खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचायला लावले ते प्रामुख्याने ‘झिंगाट’ने. २०१८ मध्ये ‘धडक’मधून ते हिंदीत गेले. चाल तीच, शब्द मात्र अमिताभ भट्टाचार्य यांचे. मराठीतल्या शब्दांचा रांगडेपणा हिंदीत उतरला नाही, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

कॅसेटच्या काळात खप मोजला की गाण्याचे यश कळत असे. आता कमाईच्या वाटा अनेक आहेत: इंटरनेटवरील श्रवण, मोबाइलची कॉलर ट्यून, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम, हॉटेले व मेजवान्या. पूर्वी गीतकार-संगीतकारांना बहुधा एकरकमी मानधन देऊन सर्व हक्क निर्मात्याकडे वा ध्वनिमुद्रण कंपनीकडे जात. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने हे चित्र बदलले. चित्रपटगृहात चित्रपटासोबत होणारे प्रदर्शन वगळता, गाण्याच्या इतर वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनात गीतकार व संगीतकार यांना समान वाटा मिळू लागला आणि हा हक्क करारानेही सोडून देता येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत या दुरुस्तीचा हिरिरीने पुरस्कार केला होता. ‘झिंगाट’ त्यानंतरचे असल्याने, ते लिहिणाऱ्या, स्वरबद्ध करणाऱ्या आणि गाणाऱ्या अजय-अतुल यांनाही या दुरुस्तीचे संरक्षण आहे.

हॉटेलातील नववर्षाच्या मेजवानीत हे गाणे वाजवायचे, तर परवाना शुल्क भरावे लागते. वरातीचे तसे नाही. कायद्याच्या कलम ५२ नुसार धार्मिक विधींमध्ये गाणे वाजविणे हा हक्कभंग ठरत नाही आणि लग्नाची वरात व विवाहाशी निगडित इतर समारंभ यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. तरीही काही ठिकाणी लग्नसमारंभांत शुल्काची मागणी होत असल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हा जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने जाहीर सूचना काढून हीच तरतूद स्पष्ट केली. म्हणजे ‘झिंगाट’ जिथे सर्वाधिक जोशात वाजते, त्या वरातीतून त्याच्या कर्त्यांना रुपयाही मिळत नाही. डीजेवाल्याची सुपारी तेवढी चुकती होते.