संक्रांत, भाऊगर्दी आणि पानिपत

पानिपतच्या तिसऱ्या युद्धाला अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, तरी ते मराठी बोलण्यातून अजून गेलेले नाही. निवडणुकीत एखाद्या पक्षाचा धुव्वा उडाला की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात त्याचे ‘पानिपत’ झालेले असते. कोणी ‘विश्वास ठेव’ म्हटले, की ‘विश्वास पानिपतात गेला’ हे उत्तर तयार असते. या कोटीतला विश्वास म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव. रणांगणावर गोळी लागून तो पडला, तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. उत्तर देणाऱ्याला हे ठाऊक असतेच असे नाही.

त्याहून अधिक विसरला गेलेला शब्द आहे ‘भाऊगर्दी’. आज तो इच्छुक उमेदवारांसाठी किंवा एकाच रस्त्यावरच्या खाद्यपदार्थांच्या दुकानांसाठी सर्रास वापरला जातो, आणि त्यातला ‘भाऊ’ म्हणजे बंधू असा समज होतो. जुन्या भाषेत गर्दी म्हणजे माणसांची दाटी नव्हे, तर लढाईतली धुमश्चक्री, हलकल्लोळ. (इब्राहिमखान गारद्याच्या ‘गारदी’शी या शब्दाची गल्लत करू नये.) सदाशिवरावभाऊंची गर्दी, म्हणजेच पानिपतचा रणकल्लोळ, ती भाऊगर्दी.

ज्यांच्या नावाने हा शब्द रूढ झाला, ते भाऊ त्या कल्लोळात दिसेनासे झाले. विश्वासराव पडल्यावर ते घोड्यावर बसून गर्दीत घुसले. पुढे त्यांचे काय झाले, याविषयी पुण्यात कोणाची पुरती खात्री पटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई मोहिमेत बरोबर होत्या. रणातून सुटून त्या दक्षिणेत परतल्या, पण त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. कुंकू लावूनच त्या पुढचे आयुष्य जगल्या. ही अनिश्चितता केवळ घरापुरती राहिली नाही. आपणच भाऊ आहोत असे सांगणारा एक तोतया पुढे आला, त्याच्यामागे माणसे जमली, किल्लेही त्याच्या हाती गेले. १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली, तेव्हा युद्धाला पंधरा वर्षे उलटली होती. परत न आलेल्या माणसाची वाट राज्यही पाहत होते, असाच याचा अर्थ.

या साऱ्या खुणा नकळत उरलेल्या आहेत. एक खूण मात्र जाणीवपूर्वक जपली जाते आणि ती तपासून पाहण्यासारखी आहे. दर जानेवारीत सांगितले जाते, की पानिपतचे युद्ध मकर संक्रांतीच्या दिवशी झाले, म्हणूनच मराठीत ‘संक्रांत कोसळली’ असे म्हणतात.

युद्धाची तिथी पक्की आहे: पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. इंग्रजी तारीख १४ जानेवारी १७६१. संक्रांत मात्र त्या दिवशी नव्हती. पंचांगातले सौर वर्ष नक्षत्रांवरून मोजतात, तर इंग्रजी वर्ष ऋतुचक्राला बांधलेले आहे. दोहोंत वर्षाला सुमारे वीस मिनिटांचा फरक पडतो. सत्तर-बहात्तर वर्षांत तो एका दिवसाचा होतो. त्यामुळे संक्रांत हळूहळू पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीला झाला, आणि त्यांची जयंती १२ जानेवारीला असते. त्याच्या शंभर वर्षे आधी संक्रांत आणखी अलीकडे, १० जानेवारीच्या सुमारास येत असे. म्हणजे भाऊंच्या छावणीतली संक्रांत युद्धाच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

संक्रांत बहुतेक वर्षी १४ जानेवारीला येऊ लागली, ती विसाव्या शतकात. त्यामुळे सण आणि युद्ध यांची ही सांगड इंग्रजी दिनदर्शिका भिंतीवर आल्यानंतरची असणार, हे उघड आहे. वाक्प्रचारासाठी तर पानिपतची गरजच नाही. पंचांगातली संक्रांत ही वाहनावर बसून येणारी देवी आहे. ती ज्या दिशेला पाहते तिकडे संकट आणि जे धारण करते ते महाग, ही समजूत वाक्प्रचाराचा उलगडा करण्यास पुरेशी आहे.

हा वाद चार दिवसांचा वाटला, तरी क्षुल्लक नाही. ‘संक्रांत’ म्हटले की पराभव नशिबाच्या खात्यात जमा होतो, आणि त्याआधीचे अडीच महिने दिसेनासे होतात. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा जिंकला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट अडवली. नोव्हेंबरपासून दोन्ही सैन्ये पानिपतजवळ समोरासमोर बसून होती. मराठ्यांच्या छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायका, मुले, यात्रेकरू, बाजारबुणगे असे हजारो जीव होते. अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. त्यानंतर धान्य संपत गेले, चाऱ्यावाचून जनावरे मरू लागली. उपाशी मरण्यापेक्षा लढून वाट काढावी, हा निर्णय त्यातून झाला. कडाक्याच्या थंडीत, रिकाम्या पोटी उभ्या राहिलेल्या त्या फौजेने दुपारपर्यंत शत्रूला मागे रेटले होते, हे या युद्धातले खरे नवल. अशुभ दिवसाच्या कथेत ना त्या भुकेला जागा आहे, ना त्या दुपारला.

पंचांगाची गती मात्र चालूच आहे. २०२४ साली संक्रांत १५ जानेवारीला आली. या शतकात ती अधिकाधिक वर्षी त्याच तारखेला येत जाईल. पानिपतच्या काला अंब स्मारकापाशी लोक जमतात, ते १४ जानेवारीलाच.