एक वास्तू, अनेक धनी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्यात म्हण आहे. परंतु बांधलेले घर चार पिढ्या राखणे हे बांधण्याहूनही कठीण असते. आजोबांचा वाडा एकाचा असतो. नातवंडांच्या काळी तोच दहा-बारा जणांचा होतो. कौले फुटतात, वासे कुजतात, दुरुस्तीचा खर्च कोणी करावा यावर पत्रापत्री चालते, आणि अखेरीस सर्वांचे एकमत एकाच गोष्टीवर होते : वाडा पाडावा आणि पैसे वाटून घ्यावे. आपल्या ज्ञातीतील किती घराण्यांत हे घडले, ते सुज्ञ वाचकांनीच आठवावे. धनी अनेक झाले म्हणजे वास्तू नष्टच झाली पाहिजे काय? या प्रश्नाला अन्य देशांत मिळालेल्या उत्तराचा इतिहास आपणांस बोधप्रद वाटेल.

ज्याची भूमी, त्याचेच तिच्यावरील सर्व काही, असा इंग्रजी कायद्याचा जुना दंडक होता. त्यामुळे एका मजल्याचा धनी एक आणि दुसऱ्याचा दुसरा, ही व्यवस्था त्या कायद्यात सहजी बसत नसे. फ्रान्समध्ये मात्र १८०४ च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेतच तिचा विचार झालेला होता. मुख्य भिंती आणि छप्पर यांचा खर्च सर्वांनी आपापल्या मजल्याच्या किमतीच्या प्रमाणात सोसावा. आपण जिच्यावर चालतो ती तक्तपोशी मात्र ज्याची त्याने करावी, असा तो साधा नियम होता.

इंग्रजी वळणाच्या देशांत ही वाट मोकळी केली ती ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या राज्याने. तेथे पूर्वी इमारत एखाद्या कंपनीची असे आणि रहिवाशाजवळ तिचे भाग असत. स्वतःच्या नावाचे मालकीपत्र नसल्यामुळे त्याला घरावर कर्ज मिळणे अवघड जाई. १९६१ च्या कायद्याने प्रत्येक गाळ्याचे स्वतंत्र मालकीपत्र होऊ लागले. या पद्धतीस ‘स्ट्रॅटा’ म्हणतात. स्ट्रॅटा म्हणजे थर. एकावर एक रचलेल्या मालकीला हे नाव शोभूनच दिसते.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९६६ साली असाच कायदा केला. त्या प्रांतातील व्हँकूव्हर नगर १८८६ साली स्थापन झाले आणि पुढील वर्षी तेथे रेल्वे आली. वेस्ट एंड भागात धनिकांनी मोठमोठी लाकडी घरे बांधली. पुढे रेल्वे कंपनीने शॉनेसी नावाची नवी वसाहत वसविली, तेव्हा धनिक तिकडे गेले आणि मागील घरांतून खोल्याखोल्यांनी भाडेकरू राहू लागले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांपैकी पुष्कळ घरे पाडून उंच इमारती उठल्या. उरलेल्या घरांविषयी लोकमत हळूहळू जागे झाले. १९८६ साली, नगराच्या शताब्दीच्या वर्षी, वारसा-वास्तूंची नोंदवही तयार झाली. आणि १९९४ पासून नगरसभांना घरमालकाशी वारसा-करार करण्याचा अधिकार मिळाला.

या करारातील देवघेव ध्यानात घेण्याजोगी आहे. मालकाने घराचे दर्शनी रूप पूर्ववत करून राखावे. त्याच्या मोबदल्यात आत दोन-तीन स्वतंत्र बिऱ्हाडे पाडण्यास आणि प्रसंगी परसात एक लहानसे घर उभारण्यास नगरसभा अनुमती देते. ही बिऱ्हाडे स्ट्रॅटा पद्धतीने निरनिराळ्यांस विकली जातात आणि त्या पैशातून जीर्णोद्धाराचा खर्च निघतो. करार मालकीपत्रावर नोंदला जात असल्यामुळे पुढील खरेदीदारांवरही तो बंधनकारक राहतो. छप्पर, पाया, बाहेरच्या भिंती आणि अंगण ही सर्वांची सामाईक असतात. प्रत्येकाने वर्गणी भरावयाची, आणि अडीअडचणीच्या दुरुस्तीसाठी निराळी गंगाजळी राखावयाची, असा कायद्याचाच दंडक आहे.

या पद्धतीला दुसरी बाजूही आहे. गाळे विकावयाचे म्हणजे आतील भाडेकरूंनी जावे कोठे? म्हणून राहत्या इमारतीचे असे रूपांतर करण्यापूर्वी, त्या भागात भाड्याच्या घरांची निकड किती आहे, रहिवाशांची सोय कोठे होणार, इमारत आणखी किती वर्षे टिकेल आणि पुढे मोठा खर्च उद्भवेल काय, याचा विचार करूनच अनुमती द्यावी, असे त्या प्रांताच्या कायद्यात घातले आहे.

सामाईक घराची कल्पना आपणांस परकी नाही. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. त्या कार्यात श्रीपाद सुब्राव ताल्माकी अग्रेसर होते. सहकारी संस्थेत वास्तू संस्थेची असते आणि सभासदास राहण्याचा हक्क असतो. स्वतंत्र मालकीची वाट आपल्या राज्याने १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाने दाखविली. सर्व मालकांनी मिळून घोषणापत्र नोंदविले, की प्रत्येकाचा गाळा त्याचा आणि सामाईक भागांत त्याचा अविभक्त हिस्सा, अशी व्यवस्था होते. त्या सामाईक भागांच्या वाटणीचा दावा मग कोणास लावता येत नाही. आपल्या वाड्यास हा कायदा लागू पडेल किंवा कसे, हे जाणत्या वकिलास विचारावे.

१९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली सर्व देशाने वडिलार्जित मिळकतीत कन्यांचा हक्क मान्य केला, हे न्याय्यच झाले. हिस्सेदार वाढले ही तक्रार नसावी. वाढलेल्या हिस्सेदारांनी दुरुस्तीचा भारही उचलावा, एवढेच मागणे आहे. पूर्वीच्या वाटण्यांत आपण खोल्या वाटल्या, परसातील विहिरीचे पाणीसुद्धा वाटले. छप्पर मात्र कोणाच्याच वाट्यास गेले नाही, आणि म्हणूनच ते आधी कोसळले.

ज्यांचे वाडे अद्याप उभे आहेत, त्या कुटुंबांनी, बहिणी व लेकींसह, येत्या पावसाळ्यापूर्वी एकत्र बसावे. वास्तूची मोजणी करून घ्यावी, कोणते भाग सामाईक ते कागदावर लिहावे आणि दुरुस्तीच्या निधीस, रक्कम लहान का असेना, प्रारंभ करावा, अशी सर्व ज्ञातिबांधवांस नम्र विनंती आहे.