तिसऱ्या वर्गाचा उतारू

आपल्या हिंजवडीला आगगाडीचे स्टेशन कधीच नव्हते. मुंबईला जायचे तर म्हातोबाला हात जोडायचे, भाकरी बांधून घ्यायची आणि चिंचवडचा रस्ता धरायचा. आता गोष्ट निराळी आहे. माण-हिंजवडीपासून शिवाजीनगरपर्यंत सुमारे 23 किलोमीटरचा मेट्रो मार्ग एका खाजगी कंपनीने बांधावा आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत चालवावा, असा करार 2019 साली झाला. कंपनीच्या गाडीत बसणे म्हणजे काय, हे आपल्या पणजोबांना चांगले ठाऊक होते. मी इतिहासाचा पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली, पुढचे सारे वाचन युनियनच्या कचेरीतले. तरी त्या जुन्या उतारूची हकिगत या निमित्ताने आपल्यापुढे ठेवावी असे वाटले.

ती कंपनी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. लोकांच्या तोंडी जी. आय. पी. 16 एप्रिल 1853 रोजी तिची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली, तोफांची सलामी झाली, हे आपण शाळेत शिकलो. त्याआधीचा ऑगस्ट 1849 मात्र कोणी शिकवला नाही. त्या महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीने जी. आय. पी.शी करार केला आणि तिच्या भांडवलावर शेकडा 5 व्याजाची हमी दिली. गाडी भरून जावो की रिकामी जावो, लंडनच्या भागीदाराचे व्याज ठरलेले. तूट आली तर ती इथल्या तिजोरीने, म्हणजे सारा भरणाऱ्या रयतेने सोसायची. अशा कंपनीला उतारूची मर्जी राखण्याचे कारण काय? हमी भांडवलाला होती, उतारूला नव्हती. पुढचे बरेचसे या एका कलमातून निघाले, असे माझे मत आहे.

1856 साली रूळ खोपोलीपर्यंत आले. 1858 च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मध्ये बोरघाट तसाच उभा. मुंबईहून आलेल्या उतारूने खोपोलीस उतरायचे आणि घाट चढून खंडाळ्याला दुसरी गाडी धरायची. पैसेवाला पालखीत बसे, त्याच्या खालचा तट्टावर, आणि बाकीचे बोचके डोक्यावर घेऊन पायी. डब्यातले वर्ग असे डोंगरावरही कायम राहिले.

घाटाचे काम 1856 ते 1863 चालले. सोळाएक मैलांत 1,831 फूट चढ, 25 बोगदे, आणि काही ठिकाणी 37 फुटांमागे एक फूट अशी चढण. 1861 साली तिथे 42 हजारांवर माणसे राबत होती. पटकी, हिवताप आणि सुरुंग यांनी त्यांतली हजारो खाल्ली. 1859 च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजूर उठले आणि दंगा झाला. त्यानंतर फॅव्हिएल या कंत्राटदाराकडून काम गेले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारला आणि त्याच्या पत्नीने, अॅलिस ट्रेडवेलने, ते काम पुढे नेले. बाई जिद्दीची खरी. पण घाटात तिचे नाव सांगणारे पुष्कळ भेटतात; मजुरी मागायला उठलेल्यांपैकी एकाचेही नाव कोणी सांगत नाही.

21 एप्रिल 1863 रोजी घाट खुला झाला. चढण अशी की अर्ध्या वाटेवर एका ठिकाणी गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि मागचा डबा पुढचा होई. नवख्या उतारूला आपण परत मुंबईला निघालो की काय, असे वाटावे! 1929 साली मार्ग बदलला तेव्हा ही उलटापालट संपली.

आता डब्याच्या आत पाहू. या बाबतीत साक्षीदार आहेत महात्मा गांधी. 1917 च्या सप्टेंबरात ते मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने गेले. रायचूरपर्यंतची वाट जी. आय. पी.ची, आपल्या पुण्यावरून जाणारी. भाडे 13 रुपये 9 आणे. डब्यावर पाटी 22 उतारूंची, आणि प्रवासाच्या बऱ्याच भागात आत 35 हून अधिक माणसे. कोणी धुळीत आडवे, कोणी उभे. दोन रात्रींच्या वाटेत डबा झाडला म्हणून गेला नाही, आणि चहाच्या नावाने मिळालेले पाणी त्यांनी फार कडक शब्दांत वर्णिले आहे. थुंकणाऱ्या आणि विडी ओढणाऱ्या उतारूंनाही त्यांनी सोडले नाही, हे सांगितले पाहिजे. पण त्यांचा मुख्य प्रश्न हिशेबाचा होता. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपट. मग पहिल्या वर्गाच्या सुखाचा पाचवा हिस्सा, निदान दहावा, तिसऱ्याला का मिळू नये? या प्रश्नापुढे माझ्यासारख्या वाटाघाटी करणाऱ्या माणसाने टोपी काढावी.

1921 साली अॅकवर्थ समितीने कंपन्यांचा कारभार सरकारने घ्यावा अशी शिफारस केली. 1 जुलै 1925 पासून जी. आय. पी.चा कारभार सरकारकडे आला. युनियनचा माणूस म्हणून मला इथे म्हणायला आवडले असते की तिसऱ्या वर्गाचे हाल त्या दिवशी संपले. इतिहास तसे म्हणू देत नाही. सरकारी कारभारातच 1 जून 1930 रोजी दख्खनची राणी सुरू झाली, आणि तिला पहिला व दुसरा असे दोनच वर्ग होते. 1947 साली स्वातंत्र्य आले, 1951 साली जी. आय. पी.चे नाव जाऊन मध्य रेल्वे झाली, तरी राणीच्या गाडीत तिसऱ्या वर्गाला जागा मिळाली ती 1955 च्या जूनमध्ये. 1974 साली तिसरा वर्गच रद्द झाला. तिसऱ्याला दुसरा म्हणू लागले. मालक बदलणे ही एक गोष्ट आणि उतारूला विचारणे ही दुसरी.

आणि आम्ही तरी कुठे विचारले? मी तीस वर्षे मागण्यांच्या याद्या लिहिल्या. पगार, महागाई भत्ता, पाळी, रजा. माणूस घरापासून फाटकापर्यंत कसा येतो, हे कलम माझ्या यादीत फार उशिरा आले. ते आले पुणे-लोणावळा लोकलमुळे. ही लोकल 1978 साली सुरू झाली, आणि मी युनियनचे काम शिकलो ते तिच्या डब्यात. पहिल्या पाळीला निघालेला माणूस दाराशी लटकून जे बोलतो, ते सभेत कधी बोलत नाही.

गांधींनी त्याच लेखात एक उपाय सुचवला होता. व्हाइसरॉय, राजेमहाराजे, कौन्सिलर अशा मोठ्या लोकांनी अधूनमधून, आगाऊ वर्दी न देता, तिसऱ्या वर्गातून प्रवास करून पाहावा. आपल्या मार्गावर वर्ग नसतील. पण आयटी पार्कच्या इमारतीत संगणकापुढे बसणारा आणि तीच इमारत झाडणारी बाई यांना तिकीट सारखेच पडणार आहे, आणि दोघांच्या पगाराचे आकडे या सभागृहातल्या पुष्कळांना ठाऊक आहेत. करारात कंपनीच्या बाजूची कलमे किती आणि त्या बाईच्या बाजूची किती, हे मोजायला मी बसलो आहे. ज्यांना इंग्रजी करारनामे वाचण्याची सवय आहे, त्यांनी व्याख्यानानंतर मला जरूर भेटावे.