'लोल' आणि तहसील

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी 'लोल' लिहिलं की यवतमाळहून बाबांचा फोन येतो, "कायले मराठी बिघडवतं?"

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने 'एलओएल' आणि 'ओएमजी' मार्च 2011 मध्येच घेतले. 'ओएमजी' तर मोबाइलच्याही आधीचा. ब्रिटिश ॲडमिरल फिशर यांनी 1917 साली चर्चिलना लिहिलेल्या पत्रात तो सापडतो.

आपल्याकडे उलटा प्रयत्नही झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी बाबा आजही 'तहसील'मध्ये जातात, 'अर्ज' देतात, 'कर्ज' काढतात. तिन्ही शब्द मूळ अरबी. कापूस मोजायचा 'क्विंटल'सुद्धा अरबीतून युरोपात गेला, मग इकडे आला. हे शब्द टिकले, कारण लोक ते बोलत राहिले.

कोश फक्त नोंद करतो. शब्द जगवतात बोलणारे. आणि मी? पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा कुणी हसू नये म्हणून वऱ्हाडी सोडली. 'लोल' बिनधास्त लिहिलं, घरची बोली मात्र लपवली. बाबांची तक्रार खरी होती, फक्त शब्द चुकीचा पकडला होता.

काल त्यांचा फोन आला, तेव्हा म्हटलं, "जेवून राह्यलो, बाबा."